खुल्या वहीतले खोटे सौदे

चैत्र-वैशाखात हिंगोलीच्या मोंढ्यात गेलेल्या माणसाला बाजार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या उभ्या असतात. कांडीचा ढीग वेगळा, गड्ड्यांचा वेगळा. खरेदीदार ढिगात हात घालतो, एखादी कांडी मोडून तिचा आतला रंग पाहतो आणि मग बोली सुरू होते. बोली थांबली की माल काट्यावर चढतो, मापाडी वजन सांगतो, हमाल पोती उचलतात, अडत्या पट्टी लिहितो आणि शेतकरी पैशांची वाट पाहत सावलीला बसतो. भावाबद्दल तक्रार असेल, वजनाबद्दल शंका असेल. परंतु विकणारा एक आहे, घेणारा दुसरा आहे आणि माल एकाच्या गाडीतून दुसऱ्याच्या गोदामात गेला आहे, याविषयी सहसा कोणाच्या मनात संशय येत नाही. तो संशय दूर ठेवण्याचे काम काटा, हमाल आणि पट्टी निमूटपणे करीत असतात.

याच जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत दुसऱ्या एका बाजाराने प्रवेश केला आहे. त्याला ओटा नाही, काटा नाही आणि हमालही नाही. तो तरुणांच्या खिशातील मोबाइलमध्ये भरतो. गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला असा एक बाजार दाखविला. तेथे संगणकावर काढलेल्या चित्रांची खरेदी-विक्री चालू होती. घरची हळद नुकतीच विकली गेली होती आणि पुढील शिक्षणासाठी वडिलांनी बाजूला काढलेल्या रकमेचा काही भाग त्या चित्रांत घालावा, असे त्याच्या मनात होते. चित्रे बरी की वाईट, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याचे बोट पडद्यावरील एका आकड्यावर होते आणि तो आकडा होता आठवड्याच्या उलाढालीचा. "सर, एवढी उलाढाल आहे म्हणजे घेणारेही असणारच ना?" असे त्याने विचारले.

प्रश्न अगदी सरळ होता. त्याचे उत्तर मात्र सरळ नाही, आणि ते शिक्षकाला, कारकुनाला व विद्यार्थ्याला ठाऊक असणे आज अगत्याचे झाले आहे. या वस्तूंचा जगभरचा ज्वर २०२१ व २०२२ या दोन वर्षांत चढला आणि पुढे ओसरला, हे खरे. परंतु पूर ओसरल्यावरच नदीचा तळ दिसतो. त्या दोन वर्षांच्या नोंदी आता शांतपणे वाचता येतात आणि त्यांतून मिळणारा धडा केवळ त्या चित्रांपुरता मर्यादित नाही.

नोंद खरी, सौदा खोटा

प्रथम वस्तू समजून घेऊ. हिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एनएफटी म्हणतात. एखाद्या चित्राशी, ध्वनिमुद्रिकेशी किंवा चित्रफितीशी जोडलेली ही एक क्रमांकित नोंद असते. ही नोंद अमक्याच्या नावे आहे, ती त्याने अमक्याला इतक्या किमतीस दिली, हे सारे ब्लॉकचेन नावाच्या सामाईक वहीत लिहिले जाते. या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. एकदा झालेली नोंद कोणा एकाला खोडता येत नाही आणि वही कोणालाही, विनामूल्य, उघडून पाहता येते. आपल्याकडील सातबाऱ्याचा उतारा जगातील प्रत्येक चावडीवर एकाच वेळी लागलेला असावा, असा हा प्रकार आहे. भेद एवढाच, की सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते. या वहीत बेचाळीस अक्षरांचा आणि अंकांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्याला वॉलेट म्हणतात. असे पत्ते एकाच माणसाने किती काढावेत, याला मर्यादा नाही. शंभर काढले तरी त्याला कोणी ओळखपत्र मागत नाही.

या बाजाराकडे जगाचे लक्ष वेधले ते ११ मार्च २०२१ रोजी. त्या दिवशी बीपल या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या अमेरिकन चित्रकाराची एक डिजिटल कृती ख्रिस्तीज या जुन्या लिलावसंस्थेत ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेली. घेणारे विघ्नेश सुंदरेशन हे मूळचे तमिळनाडूचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमिताभ बच्चन यांच्या अशा वस्तूंचा लिलाव आपल्या देशात झाला. अशा नोंदी स्वस्तात करू देणाऱ्या पॉलिगॉन या व्यवस्थेची उभारणी तर २०१७ साली मुंबईतील तरुणांनी केली होती. तेव्हा हा केवळ परक्यांचा खेळ होता, असे म्हणता येणार नाही.

आता २८ ऑक्टोबर २०२१ या दिवसाकडे वळू. क्रिप्टोपंक्स नावाची १०,००० लहान चित्रे २०१७ साली लार्व्हा लॅब्स या संस्थेने काढली. त्या वेळी ती फुकट वाटली गेली होती. २०२१ मध्ये मात्र त्यांना लाखो डॉलर मिळू लागले. त्यांपैकी ९९९८ क्रमांकाचे चित्र त्या दिवशी १,२४,४५७ इथर या चलनास, म्हणजे सुमारे ५३ कोटी २० लाख डॉलरना विकले गेल्याची नोंद वहीत उमटली. रुपयांत ही रक्कम तेव्हाच्या दराने चार हजार कोटींच्या आसपास जाते. बीपलच्या कृतीला मिळालेल्या किमतीच्या सातपटीहून ही किंमत अधिक होती.

परंतु वही उघडीच होती. ज्यांना ती वाचता येत होती त्यांनी पैसा कोठून आला आणि कोठे गेला, याचा माग काढला. घेणाऱ्याने ती रक्कम फ्लॅश लोन या प्रकारच्या कर्जाने उभी केली होती. हे कर्ज मोठे विलक्षण असते. ज्या एका व्यवहारात ते घेतले जाते त्याच व्यवहारात ते फेडावे लागते. न फेडल्यास सगळा व्यवहारच झाला नाही असे धरले जाते. त्यामुळे त्याला तारण लागत नाही. येथे कर्जाचा पैसा घेणाऱ्याकडे आला, त्याने तो विकणाऱ्याला दिला, विकणाऱ्याने तो परत केला आणि कर्ज फिटले. हे सर्व एका दमात झाले. चित्र अखेर मूळ मालकाच्याच ताब्यात आले आणि त्याने ते तत्काळ अडीच लाख इथर एवढी किंमत सांगून पुन्हा विक्रीस मांडले. चित्र काढणाऱ्या संस्थेनेच हा खुलासा केला, की मालकाने उसन्या पैशाने आपलीच वस्तू आपल्यालाच विकली आहे.

या प्रकरणाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. वहीत खाडाखोड झाली नव्हती. एकही नोंद बनावट नव्हती. त्या क्षणी, त्या पत्त्यावरून, त्या पत्त्याकडे, तेवढी रक्कम खरोखरच गेली होती. तरीही विक्री झाली नव्हती. नोंदीचा खरेपणा आणि सौद्याचा खरेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ब्लॉकचेन केवळ पहिल्याची हमी देते. दुसऱ्याची पारख माणसालाच करावी लागते. आमच्या विद्यार्थ्याची गल्लत झाली होती ती नेमकी येथे. वही खोटी असू शकत नाही हे त्याला कोणीतरी पटविले होते, आणि त्यावरून उलाढालही खोटी असू शकत नाही, असा निष्कर्ष त्याने आपल्या मनाने काढला होता.

हा खटाटोप कशासाठी?

स्वतःची वस्तू स्वतःला विकून काय मिळते, असे कोणी विचारील. दोन गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे भावाचा भास. ज्या वस्तूला मागणी नाही तिच्या नावावर चार मोठे सौदे लागले की पाचवा, खरा आणि भाबडा, गिऱ्हाईक तिसऱ्या-चौथ्या सौद्याचा भाव प्रमाण मानून येतो. याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. हा प्रकार शेअर बाजारात जुना आहे. अमेरिकेने वायदे बाजारात त्याला १९३६ च्या कायद्याने मनाई केली. आपल्याकडे सेबीच्या २००३ सालच्या नियमांत, मालकी बदलण्याचा हेतूच नसलेला रोख्यांचा सौदा गैर ठरविला आहे. चेनॅलिसिस या वहीपरीक्षण करणाऱ्या संस्थेने २०२१ सालच्या नोंदी चाळल्या, तेव्हा स्वतःच पैसा पुरविलेल्या पत्त्यांना पंचवीसहून अधिक वेळा विक्री करणारे २६२ जण तिला आढळले. त्यांपैकी ११० जणांनी मिळून सुमारे ८९ लाख डॉलर कमावले. उरलेल्या १५२ जणांना मिळून चार लाखांहून थोडे अधिक डॉलर गमवावे लागले. कारण प्रत्येक नोंदीला वहीचे शुल्क पडते आणि बाहेरचा गिऱ्हाईक काही त्यांना सापडला नाही. कमावलेले ८९ लाख कोणाच्या खिशातून आले असतील, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बक्षीस. लुक्सरेअर नावाची बाजारपेठ जानेवारी २०२२ मध्ये उघडली. जो जितकी अधिक उलाढाल करील, त्याला त्या प्रमाणात तिने आपले नाणे वाटावयास सुरुवात केली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मीबिट्स, टेराफॉर्म्स अशा काही संग्रहांच्या पुनर्विक्रीवर चित्रकाराचा हिस्सा द्यावा लागत नव्हता. अशीच चित्रे निवडून लोक ती डाव्या हातातून उजव्या हातात देऊ लागले, कारण फिरवाफिरवीचा खर्च बक्षिसाहून कमी पडत होता. उलाढालीचे आकडे अब्जावधी डॉलरवर गेले. क्रिप्टोस्लॅम या आकडेवारी ठेवणाऱ्या संस्थेने मग ते सौदे आपल्या मोजणीतून वगळले.

हिंगोलीच्या मोंढ्यात असे का होत नाही, याचे उत्तर येथेच आहे. तेथील माणसे अधिक सज्जन आहेत, असा दावा करण्याचे कारण नाही. तेथे दर फेऱ्याला हमाली, तोलाई आणि बाजार फी मोजावी लागते. आपलीच शंभर पोती आपल्यालाच दहा वेळा विकणाऱ्याला दहा वेळा हमाल लावावे लागतील आणि सारे यार्ड त्याच्याकडे पाहून हसेल. जेथे सौद्याला खर्च आहे आणि साक्षीदार आहेत, तेथे खोटा सौदा महाग पडतो. जेथे खर्च नगण्य आहे, साक्षीदार पत्त्यामागे दडलेले आहेत आणि वर बक्षीसही आहे, तेथे तो न झाला तरच नवल.

पारखण्याच्या कसोट्या

मग पारख करावी कशी? हिल्डॉबी या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका विश्लेषकाने डिसेंबर २०२२ मध्ये इथेरियम या प्रमुख वहीतील सौदे तपासून प्रसिद्ध केले. त्याच्या चार कसोट्या मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत, कारण त्या समजण्यास गणिती पांडित्य लागत नाही. घेणारा आणि विकणारा पत्ता एकच आहे काय, ही पहिली. तीच वस्तू ‘क’ कडून ‘ख’ कडे आणि पुन्हा ‘ख’ कडून ‘क’ कडे गेली आहे काय, ही दुसरी. एकाच पत्त्याने तीच वस्तू तीन वा अधिक वेळा विकत घेतली आहे काय, ही तिसरी. आणि घेणारा व विकणारा या दोघांच्याही वॉलेटमध्ये सर्वांत पहिला पैसा एकाच ठिकाणाहून आला होता काय, ही चौथी. या चाळणीतून गाळल्यावर २०२२ या वर्षातील उलाढालीचा ५८ टक्के भाग संशयास्पद ठरला. जानेवारी महिन्यात तर तो चार-पंचमांशाहून अधिक होता. संख्येने पाहावे तर असे सौदे थोडे होते, शेकड्यास एक-दोन. बहुसंख्य लोक खरोखर घेत-देत होते. परंतु मूठभरांच्या फिरवाफिरवीने एकूण आकडा फुगला होता.

थोड्या सौद्यांनी आकडा कसा फुगतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका संग्रहाची आठवड्याची उलाढाल एक कोटी रुपये आहे आणि सौदे ५४ आहेत. सरासरी काढली तर दर सौद्यास १ लाख ८५ हजार रुपये पडतात. वही उघडली तेव्हा असे दिसले की ५० सौदे प्रत्येकी ४,००० रुपयांचे, म्हणजे मिळून २ लाखांचे आहेत. उरलेले ९८ लाख केवळ चार सौद्यांचे आहेत. एकच चित्र साडेचोवीस लाखांना ‘क’ ने ‘ख’ ला दिले, ‘ख’ ने ‘क’ ला परत दिले आणि ही फेरी पुन्हा एकदा झाली. अखेर चित्र ‘क’ कडे आणि पैसा होता तेथेच. साडेचोवीस लाखांचे एकच गाठोडे चार वेळा मोजले गेले. शालेय गणितातील मध्यक येथे काढला तर तो ४,००० रुपये येतो, आणि खऱ्या बाजाराची उंची तेवढीच. सरासरी आणि मध्यक यांत असे जमीन-अस्मानाचे अंतर दिसले की थांबावे आणि मोठे सौदे एकेक करून वाचावेत.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. खरेदी करणारे निरनिराळे पत्ते किती आहेत? वस्तू मूठभर पत्त्यांत अडकली आहे की पसरली आहे? विकणाऱ्याने सांगितलेली किंमत सोडून द्यावी. घेणाऱ्याने पैसे बाजूला ठेवून लावलेली बोली किती आहे? ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या संदेशाची नोंद मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरना गेली होती. घेणाऱ्याने एप्रिल २०२२ मध्ये ती ४ कोटी ८० लाख डॉलर सांगून पुन्हा विक्रीस काढली. मुदत संपली तेव्हा सर्वांत मोठी बोली तीनशे डॉलरच्याही आत होती. मागितलेली किंमत ही मागणाऱ्याची इच्छा असते. बाजाराची साक्ष केवळ बोली देते.

तथापि या कसोट्या आंधळेपणाने लावता येणार नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एखादा प्रामाणिक संग्राहक सुरक्षिततेसाठी आपलीच वस्तू आपल्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवितो. त्यात किंमत मोजलेली नसेल तर तो सौदाच नव्हे. दोन अपरिचित विद्यार्थ्यांनी एकाच मोठ्या विनिमय केंद्रातून पैसे काढले, तर दोघांचा पहिला पैसा एकाच पत्त्यावरून आलेला दिसेल; म्हणून अशा केंद्रांचे सर्वांना ठाऊक असलेले पत्ते चौथ्या कसोटीतून वगळावे लागतात. उलटपक्षी, चतुर माणूस पैसा पाच वळणांनी फिरवून कसोटी चुकवूही शकतो. अनुभवी शिक्षक कॉपी कशी ओळखतो? दोन उत्तरपत्रिकांतील बरोबर उत्तरे सारखी असली म्हणून तो कोणाला दोषी धरीत नाही. परंतु एकच विचित्र चूक, त्याच ओळीत, त्याच शब्दांत दोघांनी केली असेल, दोघांचे बाक शेजारी असतील आणि एकाच्या खाडाखोडीची छाया दुसऱ्याच्या कागदावर असेल, तर त्याची खात्री पटते. येथेही एकेका खुणेने नव्हे, खुणांच्या साखळीने निर्णय करावयाचा आहे. कचेरीतील कारकुनाला हे अधिक चटकन उमजेल. रोजकीर्दीतील बेरीज जुळली म्हणून तो खर्च मंजूर करीत नाही. मागचे व्हाउचर पाहतो. उलाढालीचा आकडा ही नुसती बेरीज आहे. व्हाउचर वहीच्या आत आहेत आणि ते पाहण्याची मुभा सर्वांना आहे.

कारंज्याचा धडा

आपल्या भागाला हा प्रश्न अगदीच नवा नाही. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील असा हा पहिला बाजार मानला जातो. त्या काळी दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. शेतकरी समोर उभा असे, पण रुमालाखाली काय ठरले ते त्याला कळत नसे. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदा झाला. हिंगोली ज्या निजामी राज्यात होती तेथे १९३० च्या सुमारास कृषी बाजाराचा कायदा आला, आणि १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा झाला. या वाटचालीत रुमाल गेला आणि उघडा लिलाव आला. परंतु केवळ लिलाव उघडा करून कोणी थांबले नाही. अडत्याला परवाना, मापाड्याला परवाना, वजनमापांची तपासणी, तक्रारीसाठी समिती, हे सारे त्यासोबत आणावे लागले. किंमत ऐकू येणे पुरेसे नाही, बोली लावणारा कोण आहे हेही कळले पाहिजे, हे आपल्या वाडवडिलांना अनुभवाने कळले होते.

जुन्या बाजारात माणसे दिसत आणि भाव झाकलेला असे. नव्या बाजारात भाव सर्वांना दिसतो आणि माणसे झाकलेली आहेत. रुमाल नाहीसा झालेला नाही. त्याने फक्त जागा बदलली आहे.

या नव्या बाजाराकडे आपल्या शासनाने आतापर्यंत मुख्यतः कराच्या दृष्टीने पाहिले आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला आणि एकीतला तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा करण्याची सोय ठेवली गेली नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारात रकमेच्या १ टक्का करकपात विक्रीच्या वेळीच होऊ लागली. मार्च २०२३ मध्ये असे व्यवहार करून देणाऱ्या संस्थांना काळ्या पैशाच्या प्रतिबंधाचा कायदा लागू झाला. यांतील एक टक्क्याच्या कपातीचा एक गुण कोणी सहसा बोलून दाखवीत नाही. ती मोंढ्यातील बाजार फीप्रमाणे दर फेऱ्याला पडते, आणि म्हणून नियमात राहणाऱ्या देशी पेठेत फिरवाफिरवी महाग करते. परंतु परदेशी पेठेत, आपल्या वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये चाललेल्या खेळाला हा अटकाव पोहोचत नाही. सेबीचे २००३ चे नियम रोख्यांसाठी आहेत. चित्राच्या नोंदीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. येथे पोकळी आहे आणि ती भरली गेली पाहिजे. निदान एवढे तरी बंधनकारक करता येईल, की जी पेठ उलाढालीचा आकडा जाहीर करते, तिने फिरवाफिरवीचे सौदे गाळल्यानंतरचा आकडाही त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावा.

तज्ज्ञांवर सोडून भागेल काय?

काही सुज्ञ मंडळी म्हणतील, की हा सगळा जुगार आहे. त्यातील खरे-खोटे निवडण्यात वेळ कशाला घालवावा? तरुणांना त्यापासून दूर राहण्यास सांगितले म्हणजे पुरे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखकानेही त्या विद्यार्थ्याला हात आखडता घेण्याचाच सल्ला दिला. परंतु नुसत्या मनाईने तरुण ऐकत नाहीत, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. शिवाय ही वही आता चित्रांपुरती राहिलेली नाही. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली जातीची प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम शासनाने हाती घेतला. दिलेल्या प्रमाणपत्रात मागाहून फेरफार होऊ नये, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु मूळ चौकशीच चुकीची झाली असेल, तर ती चूकही ही वही तितक्याच निष्ठेने जपून ठेवील. वही काय सिद्ध करते आणि काय करीत नाही, हे कळणे आता नागरिकत्वाचा भाग होऊ घातले आहे.

आणि हे काम सर्वस्वी तज्ज्ञांवर सोपवून निर्धास्त होता येत नाही, याचे उदाहरण पुण्यातच घडले आहे. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या बिटकॉइनच्या एका मोठ्या योजनेविरुद्ध तेथे २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले. आभासी चलनाचा माग काढण्यासाठी पोलिसांनी बाहेरच्या जाणकारांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये त्यांच्यापैकीच दोघांना अटक झाली. तपासाच्या ओघात हाती आलेले चलन त्यांनी परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु वही वाचता येणारे जेथे मोजकेच असतात, तेथे त्या मोजक्यांवर नजर ठेवणारा कोणी उरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

या पार्श्वभूमीवर आपल्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे एक छोटे काम आहे. वाणिज्य आणि संगणक शाखांच्या विद्यार्थ्यांना एका तासाला एखादा जुना संग्रह नेमून द्यावा. इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर त्याच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. त्यात पैसा गुंतवावयाचा नाही, वॉलेट काढावयाचे नाही. फक्त दहा मोठे सौदे निवडावेत आणि प्रत्येकापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: कोणी घेतले, पैसा कोठून आला, तो पुढे कोठे गेला, आणि वस्तू आज कोणाकडे आहे. हिशेबतपासणीचा याहून जिवंत पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार? हीच दृष्टी पुढे शेअर बाजारातील फुगविलेल्या उलाढालीला, दुकानांच्या नावावरील विकतच्या स्तुतीला आणि पुढाऱ्यांच्या समाजमाध्यमांवरील अनुयायांच्या आकड्यालाही लावता येईल.

तो विद्यार्थी आणि प्रस्तुत लेखक एका दुपारी हेच करीत बसलो. त्याने दाखविलेल्या संग्रहातील सर्वांत मोठे सहा सौदे आम्ही वाचले. सहापैकी पाचांत तेच दोन पत्ते आलटून पालटून घेणारे आणि विकणारे होते, आणि दोघांचाही पहिला पैसा एकाच तिसऱ्या पत्त्यावरून आला होता. तो पत्ता कोणत्याही विनिमय केंद्राचा नव्हता. विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, म्हणजे इथे काटाच नाही." हळदीच्या घरातला मुलगा तो, योग्य शब्द त्याला बरोबर सापडला. वडिलांचे पैसे बँकेतच राहिले. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या दोन मित्रांना घेऊन आला आणि त्यांच्या मोबाइलवरील नोंदी त्याने स्वतःच वाचून दाखविल्या.